बाहेरून आणलेला क्वार्टरबॅक : मिनेसोटातील एका जुन्या वादाचा आढावा

सुपर बोल म्हणजे एनएफएल या अमेरिकी फुटबॉल लीगचा अंतिम सामना. मिनेसोटा व्हायकिंग्ज हा संघ तो चार वेळा खेळला आणि चारही वेळा हरला. ते सामने जानेवारी १९७०, १९७४, १९७५ आणि १९७७ मधले. पुढच्या जवळपास पन्नास वर्षांत संघ तिथवर पुन्हा पोहोचलेला नाही. मिनियापोलिस आणि सेंट पॉल या जुळ्या शहरांतले चाहते इतक्या वर्षांत अनेक गोष्टींवर भांडले, पण त्यांचा सर्वांत चिवट वाद एकच : क्वार्टरबॅक बाहेरून मोठे पैसे मोजून आणावा, की ड्राफ्टमधून, म्हणजे कॉलेज खेळाडूंच्या वार्षिक निवडीतून, तरुण घेऊन स्वतः घडवावा?

मार्च २०१८ मध्ये कर्क कझिन्सला करारबद्ध केल्यावर हा वाद टिपेला पोहोचला. सॅम डार्नल्डचे येणे, जाणे आणि सिअ‍ॅटलमध्ये जाऊन विजेता ठरणे यामुळे तो पुन्हा उघडला आहे. २०२५ चा हंगाम फेब्रुवारी २०२६ मध्ये संपला, तेव्हा हा वाद कुठवर आला होता ते येथे पाहू.

खेळ आणि पैशाचे गणित

क्वार्टरबॅक हा आक्रमणाचा सूत्रधार. जवळजवळ प्रत्येक चालीत चेंडू आधी त्याच्या हातात येतो. अंगावर धावून येणारे दीडशे किलोचे बचावपटू पोहोचण्याआधी, दोन-तीन सेकंदांत, पास कोणाला द्यायचा हे त्याला ठरवावे लागते. संघात ५३ खेळाडू असले तरी एकाच जागेवर इतके अवलंबून असणारा दुसरा सांघिक खेळ शोधूनच काढावा लागेल.

दुसरी गोष्ट पगाराची. लीगमधल्या प्रत्येक संघाला दरवर्षी सारखीच खर्चमर्यादा असते, तिला सॅलरी कॅप म्हणतात. २०१८ मध्ये ती १७ कोटी ७२ लाख डॉलर होती. आयपीएलच्या २०२५ च्या लिलावात प्रत्येक संघाकडे १२० कोटी रुपये होते आणि लखनौने त्यातले २७ कोटी एकट्या ऋषभ पंतवर लावले. बाकीचा संघ कशातून उभारायचा हा प्रश्न तिथे उठला, तोच इथेही उठतो. ड्राफ्टमधून आलेल्या तरुणाचा पगार पहिली चार वर्षे ठरावीक आणि तुलनेने फार कमी असतो. त्यामुळे तरुण क्वार्टरबॅक चांगला निघाला, तर उरलेल्या पैशांत इतरत्र मातब्बर खेळाडू घेता येतात. चाहत्यांच्या वादातला अर्धा भाग या एका नियमातून जन्मतो.

वादाची मुळे

मिनेसोटाचा इतिहास कोणत्याच बाजूला स्वस्थ बसू देत नाही. पहिल्या अंतिम सामन्यातला क्वार्टरबॅक जो कॅप १९६७ मध्ये कॅनडातील बीसी लायन्सकडून आला होता. पुढचे तिन्ही अंतिम सामने फ्रॅन टार्केंटन खेळला. त्याला संघाने १९६१ मध्ये ड्राफ्टमधून निवडले, १९६७ मध्ये न्यूयॉर्क जायंट्सला देऊन टाकले आणि १९७२ मध्ये अदलाबदलीत परत आणले. १९९८ मध्ये १६ पैकी १५ सामने जिंकणाऱ्या संघाचा मुख्य क्वार्टरबॅक रँडल कनिंगहॅम एक वर्ष निवृत्त राहून आला होता, आणि त्याची कारकीर्द घडली होती फिलाडेल्फियात. त्या वर्षी संघाने ५५६ गुण करून लीगचा विक्रम केला. मात्र सुपर बोलच्या आधीच्या, कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात, हंगामभर एकही किक न चुकलेल्या गॅरी अँडरसनची किक चुकली आणि अटलांटाने जादा वेळेत सामना नेला.

ड्राफ्टमधून निवडलेल्यांत डाँटे कलपेपर काही वर्षे झळकला, पण २००५ मध्ये गुडघ्याच्या दुखापतीने ते पर्व संपले. २०११ मध्ये बाराव्या क्रमांकावर निवडलेला ख्रिश्चन पाँडर टिकला नाही. टेडी ब्रिजवॉटर हा चाहत्यांचा लाडका. ऑगस्ट २०१६ मध्ये साध्या सरावात त्याचा गुडघा निखळला आणि काही दिवसांतच ड्राफ्टच्या पहिल्या फेरीतली निवड मोजून सॅम ब्रॅडफर्डला फिलाडेल्फियाकडून आणावे लागले. घरचा घडवा म्हणणाऱ्यांना नशिबाने क्वचितच साथ दिली, हे मान्य करावे लागते.

शत्रूच्या घरातला माणूस

ऑगस्ट २००९ मधला ब्रेट फार्वचा करार समजून घेतल्याशिवाय पुढचे काही कळत नाही. फार्व सोळा वर्षे ग्रीन बे पॅकर्सकडून खेळला होता. विस्कॉन्सिनचा हा शेजारी संघ व्हायकिंग्जचा सर्वांत कडवा प्रतिस्पर्धी. ज्याला हरताना पाहण्यासाठी मिनेसोटाच्या पिढ्या उभ्या राहिल्या, तोच चाळिशीला टेकल्यावर त्यांची जांभळी जर्सी घालून उभा राहिला. करार दोन वर्षांचा, सुमारे अडीच कोटी डॉलरचा.

त्या वेळच्या वादात पैसा दुय्यम होता. ‘हा आमचा नाही’ असे म्हणणाऱ्यांचा आक्षेप आपलेपणाचा होता. टार्वारिस जॅक्सन आणि सेज रोझेनफेल्स शिबिरात जागेसाठी झटत असताना ऐन वेळी म्हाताऱ्या ताऱ्याला आणणे त्यांना अन्यायाचे वाटले. समर्थकांचे म्हणणे सरळ होते : एड्रियन पीटरसनसारखा धावपटू आणि भक्कम बचाव हाताशी आहे, उणीव फक्त याच जागेची आहे.

फार्वने टचडाऊनचे, म्हणजे चेंडू गोलरेषेपार नेणारे, ३३ पास दिले, फक्त ७ पास प्रतिस्पर्ध्याच्या हाती जाऊ दिले आणि पॅकर्सला दोन्ही सामन्यांत हरवले. आक्षेप घेणारे बहुतेक जण नोव्हेंबरपर्यंत त्याची जर्सी घालून फिरत होते. मग जानेवारी २०१० मध्ये न्यू ऑर्लिन्सला, बरोबरी असताना आणि किक मारण्याइतक्या अंतराच्या काठावर संघ आलेला असताना, त्याने मैदानाला आडवा पास फेकला आणि तो प्रतिस्पर्ध्याने टिपला. जादा वेळेत ३१-२८ असा पराभव झाला. पुढच्या वर्षी संघ ६-१० (सहा विजय, दहा पराभव) वर घसरला आणि प्रशिक्षक ब्रॅड चिल्ड्रेसला हंगामाच्या मध्येच काढले गेले.

हा करार यशस्वी म्हणायचा की अपयशी? मिनेसोटात आजही दोन्ही उत्तरे मिळतात. माझ्या मते २००९ चा हंगाम त्या पिढीच्या चाहत्याला मिळालेला सर्वांत आनंदाचा हंगाम होता, आणि एका पासमुळे तो आनंद रद्द होत नाही. पण सुपर बोल हाच एकमेव निकष मानणाऱ्याला हे पटणार नाही, आणि त्याला चूक ठरवण्याचे साधन माझ्यापाशी नाही.

मार्च २०१८

२०१७ मध्ये ब्रॅडफर्ड दुखापतीने बाहेर बसला आणि राखीव म्हणून आणलेल्या केस कीनमने १४ पैकी ११ सामने जिंकून दिले. लीगमध्ये सर्वांत कमी गुण आणि सर्वांत कमी यार्ड देणारा बचाव व्हायकिंग्जचा होता. १४ जानेवारी २०१८ रोजी न्यू ऑर्लिन्सविरुद्ध शेवटच्या चालीवर कीनमने स्टेफॉन डिग्जला दिलेला पास ६१ यार्डांचा टचडाऊन ठरला. तो क्षण ‘मिनियापोलिस मिरॅकल’ म्हणून ओळखला जातो. आठवड्याभरात फिलाडेल्फियाने ३८-७ असा धुव्वा उडवला. आणि तोच फिलाडेल्फिया संघ ४ फेब्रुवारीला मिनियापोलिसच्या यूएस बँक स्टेडियममध्ये, निक फोल्स या राखीव क्वार्टरबॅकच्या हातून, सुपर बोल जिंकून गेला.

त्या वसंतात संघाच्या तिन्ही क्वार्टरबॅकांचे करार एकदमच संपत होते. तिघेही गेले : कीनम डेन्व्हरला, ब्रॅडफर्ड अ‍ॅरिझोनाला, ब्रिजवॉटर न्यूयॉर्क जेट्सकडे. त्यांच्या जागी वॉशिंग्टनचा कर्क कझिन्स आला. तीन वर्षे, ८ कोटी ४० लाख डॉलर आणि पै न् पै हमीची. क्वार्टरबॅकला अनेक वर्षांचा पूर्ण हमीचा करार देण्याची लीगमधली ही पहिली मोठी घटना. पहिल्या वर्षी त्याच्यावर २ कोटी ४० लाख खर्च पडले, म्हणजे मर्यादेच्या साडेतेरा टक्के.

समर्थकांनी मांडलेली बाजू अशी. असा बचाव दोन-तीन वर्षेच टिकतो, नंतर त्यातले खेळाडू थकतात किंवा महाग होतात. कीनमचे वर्ष अपवादाचे होते. त्याआधीच्या कारकिर्दीत त्याने तसे कधी खेळून दाखवले नव्हते. ब्रिजवॉटरचा गुडघा भरवशाचा नव्हता. कझिन्स २९ वर्षांचा, सलग तीन हंगाम ४,००० हून अधिक यार्ड फेकलेला, दुखापतीपासून दूर राहिलेला. त्या दर्जाचा, त्या वयाचा क्वार्टरबॅक खुल्या बाजारात सहसा येतच नाही. कझिन्स आला, कारण वॉशिंग्टनने त्याला दोन वर्षे एकेका वर्षाच्या करारावर अडकवून ठेवले आणि तिसऱ्या वर्षी सोडून दिले.

विरोधकांत तीन वेगवेगळे गट होते, आणि त्यांना एकत्र मोजणे चुकीचे ठरेल. पहिला गट हिशेबाचा. आक्रमणाची पुढची फळी कमकुवत आहे, पैसा तिथे हवा. फोल्सने नुकतेच दाखवले की संघ भक्कम असेल तर मध्यम क्वार्टरबॅकही पुरतो. दुसरा गट कझिन्सच्या खेळाकडे बोट दाखवणारा. आकडे सुंदर, पण मोठ्या सामन्यांत, रात्रीच्या सामन्यांत तो आकसतो, अशी त्याची ख्याती होती. सोमवारच्या रात्रीचे पहिले नऊही सामने तो हरला, दहावा त्याने नोव्हेंबर २०२० मध्ये जिंकला, तेव्हा त्या टीकेला आधार होताच. तिसरा गट मनाने कीनम आणि ब्रिजवॉटरचा. संकटात ज्यांनी संघ सावरला त्यांना निरोप देऊन बाहेरच्याला तिजोरी उघडून देणे त्यांना खुपले. करमणुकीच्या धंद्यात निष्ठेची अपेक्षा भाबडी आहे असे म्हणून हा गट उडवून लावला जातो, ते मला योग्य वाटत नाही. ज्या स्टेडियममध्ये हे खेळाडू खेळतात, त्याच्या उभारणीत राज्य आणि शहराचे मिळून सुमारे ४९ कोटी ८० लाख डॉलर गेले आहेत. करदात्याने संघ आपला मानावा अशी अपेक्षा असेल, तर त्याच्या आपलेपणाच्या भावनेलाही वादात जागा हवी.

सहा वर्षांचा ताळा

कझिन्सने मिनेसोटात ५० सामने जिंकले, ३७ हरले, एक बरोबरीत सुटला. प्लेऑफमध्ये एक विजय आणि दोन पराभव. तो विजय जानेवारी २०२० मधला, न्यू ऑर्लिन्सला त्यांच्याच घरी, जादा वेळेत. २०२२ मध्ये संघ १३-४ राहिला. डिसेंबरमध्ये इंडियानापोलिसविरुद्ध ०-३३ अशा पिछाडीवरून ३९-३६ असा विजय मिळवून त्यांनी लीगच्या इतिहासातले सर्वांत मोठे पुनरागमन केले. महिन्याभरात जायंट्सने त्यांना घरच्या मैदानावर हरवले. त्या सामन्यातली शेवटची आशा असलेल्या चौथ्या प्रयत्नात चेंडू राखण्यासाठी आठ यार्ड हवे असताना कझिन्सने तीन यार्डांवरच्या सहकाऱ्याला पास दिला. विरोधकांच्या दृष्टीने सहा वर्षांचे सार त्या एका पासात होते. समर्थक त्याच सामन्यातले बचावाने दिलेले ३१ गुण दाखवतात.

माझे मत येथे दोन्ही बाजूंपासून थोडे वेगळे आहे. चाहते २०१८ च्या करारावर भांडत राहिले, पण संघाचे हात खरे बांधले गेले ते मार्च २०२० मधल्या मुदतवाढीने. न्यू ऑर्लिन्सच्या विजयानंतर आणखी दोन वर्षांचे ६ कोटी ६० लाख देण्यात आले. त्याने त्या वर्षीचा भार हलका झाला, पण २०२२ साठी साडेचार कोटींचा बोजा पुढे ढकलला गेला. कोविडच्या साथीमुळे २०२१ मध्ये खर्चमर्यादाच १९ कोटी ८२ लाखांवरून १८ कोटी २५ लाखांवर उतरली आणि २०१७ चा बचाव एव्हाना विरला होता. पहिला करार तयार संघातला शेवटचा तुकडा म्हणून समजण्यासारखा होता. दुसऱ्याच्या वेळी तो संघ उरलाच नव्हता. प्रशिक्षक माइक झिमर आणि व्यवस्थापक रिक स्पीलमन या दोघांनाही जानेवारी २०२२ मध्ये जावे लागले. अर्थात त्याच २०२० च्या मार्चमध्ये डिग्जला बफेलोला देऊन मिळालेल्या निवडीतून पास झेलणारा जस्टिन जेफरसन आला, आणि त्याच्या बहरात कझिन्सच्या अचूक पासांचा वाटा होता, हेही नोंदवले पाहिजे.

ऑक्टोबर २०२३ मध्ये ग्रीन बेला कझिन्सच्या टाचेचा स्नायुरज्जू तुटला. पुढच्या मार्चमध्ये अटलांटाने त्याला चार वर्षांसाठी १८ कोटींचा करार दिला, पुढच्याच महिन्यात ड्राफ्टमध्ये आठव्या क्रमांकावर मायकेल पेनिक्सला निवडले आणि डिसेंबरमध्ये कझिन्सला बाकावर बसवले. मिनेसोटातल्या हिशेबी गटाला आपण बरोबर होतो असे त्या दिवशी वाटले असेल.

डार्नल्ड आणि उलटलेला हिशेब

कझिन्स गेल्यावर संघाने हिशेबी गटाचा मार्ग जवळजवळ तंतोतंत धरला. २०२४ च्या ड्राफ्टमध्ये दहाव्या क्रमांकावर मिशिगनचा जे. जे. मॅकार्थी घेतला आणि तो तयार होईपर्यंत म्हणून सॅम डार्नल्डला एका वर्षासाठी एक कोटी दिले. डार्नल्ड २०१८ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर निवडलेला, जेट्ससाठी ३८ पैकी २५ सामने हरलेला, लीगने जवळपास निकालात काढलेला खेळाडू. मॅकार्थी ऑगस्टमध्येच गुडघ्याच्या दुखापतीने वर्षभरासाठी बाहेर गेला.

डार्नल्डने संघाला १४-३ वर नेले. ४,३१९ यार्ड, ३५ टचडाऊन. मग शेवटच्या साखळी सामन्यात डेट्रॉइटकडून ९-३१ आणि प्लेऑफमध्ये रॅम्सकडून ९-२७. रॅम्सविरुद्ध त्याला नऊ वेळा पास देण्याआधीच पाडले गेले.

त्याला ठेवावे का, हा २०२५ च्या वसंतातला प्रश्न कझिन्सच्या वेळेपेक्षा अवघड होता, कारण या वेळी दोन्ही बाजूंच्या जुन्या युक्तिवादांनी जागा बदलल्या. ‘आकडे सोडा, मोठ्या सामन्यात काय केले ते पाहा’ हे कझिन्सविरोधी वाक्य आता डार्नल्डला लागू झाले. ‘सिद्ध झालेला सोडून अनोळखीवर भिस्त नको’ हे कझिन्स-समर्थकांचे वाक्य आता पूर्वीच्या विरोधकांच्या तोंडी आले. ग्रीन बेचाच आणखी एक दिग्गज, एरन रॉजर्स, याचे नाव मध्ये चर्चेत आले आणि फार्वच्या आठवणी जाग्या झाल्या. संघाने मॅकार्थीवरच भरवसा ठेवला आणि पैसा पुढच्या फळीवर व बचावावर लावला. डार्नल्ड सिअ‍ॅटल सीहॉक्सकडे गेला. तीन वर्षे, १० कोटी ५ लाख.

२०२५ मध्ये मॅकार्थी घोटा, डोके आणि हात अशा दुखापतींनी आत-बाहेर होत राहिला. ३० नोव्हेंबरला सिअ‍ॅटलने डार्नल्डच्या नेतृत्वाखाली व्हायकिंग्जला २६-० असे हरवले. व्हायकिंग्ज ९-८ वर थांबले. फेब्रुवारी २०२६ मध्ये डार्नल्डच्या संघाने न्यू इंग्लंडला हरवून सुपर बोल जिंकला.

इतर शहरांतले दाखले

दोन्ही बाजू बाहेरचे पुरावे आणतात, म्हणून त्यांच्याकडेही पाहावे लागते. पेटन मॅनिंग २०१२ मध्ये डेन्व्हरला गेला आणि चौथ्या हंगामात जिंकला. टॉम ब्रेडी २०२० मध्ये टँपाला गेला आणि पहिल्याच वर्षी जिंकला. मॅथ्यू स्टॅफर्डनेही रॅम्सकडे पहिल्याच हंगामात तेच केले. उलट रसेल विल्सनला डेन्व्हरने दोन वर्षांत सोडले आणि त्यापायी सुमारे साडेआठ कोटींचा मृत भार, म्हणजे खेळाडू गेल्यावरही मर्यादेत मोजला जाणारा खर्च, खात्यावर घेतला. रॉजर्स २०२३ मध्ये जेट्सकडून चार चालींतच टाचेचा स्नायुरज्जू तुटून बाहेर गेला.

क्लीव्हलंडचा दाखला मात्र या रांगेत बसत नाही. २०२२ मध्ये ब्राउन्सनी डेशॉन वॉटसनसाठी पहिल्या फेरीच्या तीन निवडी आणि २३ कोटींची पूर्ण हमी दिली, तेव्हा त्याच्यावर वीसहून अधिक महिलांनी लैंगिक गैरवर्तनाचे दिवाणी दावे केलेले होते. लीगने त्याला ११ सामन्यांसाठी निलंबित करून ५० लाखांचा दंड केला. तिथल्या अनेक चाहत्यांनी खेळाचा हिशेब मांडायलाच नकार दिला. शहरातील बलात्कारपीडितांना मदत करणाऱ्या केंद्राकडे देणग्यांचा ओघ लागला. इतरांनी दाव्यांचा निर्णय न्यायालयावर सोडावा असे म्हटले. वादाचा हा पदर मिनेसोटाच्या करारांत नव्हता, पण क्वार्टरबॅक आणताना चाहता कोणकोणत्या तराजूवर तोलतो हे सांगायचे तर तो वगळता येत नाही.

न सुटलेले प्रश्न

पहिला प्रश्न श्रेयाचा. डार्नल्ड जेट्समध्ये बुडाला आणि मिनेसोटात तरला, यात त्याचे स्वतःचे किती, प्रशिक्षक केव्हिन ओकॉनेलचे किती, जेफरसनचे किती? आधुनिक आकडेशास्त्र प्रत्येक चालीचे अपेक्षित गुण मोजते, पासाची अवघडता मोजते, तरीही पास देणारा, झेलणारा आणि संरक्षण देणारा यांच्यात वाटणी करताना ते अडखळते. सिअ‍ॅटलमध्येही तो उत्तम बचावामागे खेळला, त्यामुळे विजेतेपदानेही हा प्रश्न निकाली निघालेला नाही.

दुसरा प्रश्न नमुन्याचा. मिनेसोटात कझिन्सचे प्लेऑफ सामने तीन, डार्नल्डचा एक. ‘मोठ्या सामन्यात आकसतो’ हे विधान इतक्या थोड्या सामन्यांवर उभे आहे. २०२२ च्या संघाने एका चढाईच्या फरकाचे सर्व ११ साखळी सामने जिंकले, आणि तरी हंगामभर केलेल्या गुणांपेक्षा दिलेले गुण तीनने जास्त होते. अशा हंगामात कौशल्य कुठे संपते आणि योग कुठे सुरू होतो, हे कोणीही ठामपणे सांगू शकलेले नाही.

तिसरा प्रश्न जर-तरचा. २०१८ मध्ये कीनमला ठेवले असते तर? तो डेन्व्हरला ६-१० राहिला, पण डेन्व्हरचा संघ मिनेसोटाचा नव्हता. डार्नल्डला ठेवले असते, तर जो पैसा फळीवर गेला तो कुठून आला असता? या प्रश्नांना प्रत्येक बाजू आपल्या सोयीचे उत्तर देते, आणि खोटे ठरण्याची भीती कोणालाच नसते.

चौथा प्रश्न धीराचा, आणि तो सर्वांत तातडीचा आहे. मॅकार्थी २०२६ मध्ये २३ वर्षांचा असेल. ड्राफ्टच्या नियमानुसार त्याचा करार २०२७ च्या हंगामापर्यंत आहे, आणि त्याला पाचवे वर्ष द्यायचे की नाही हे संघाला मे २०२७ पर्यंत ठरवावे लागेल. एक गट म्हणतो की दुखापतींनी अडलेल्या तरुणाला पुरेसे सामने मिळाल्याशिवाय निकाल देऊ नये, डार्नल्डच्या बाबतीत लीगने केलेली घाई समोर आहे. दुसरा गट म्हणतो की जेफरसन आता ऐन भरात आहे, आणि त्याची वर्षे कोणाच्या शिक्षणासाठी खर्च करणे परवडणार नाही. दोन्ही युक्तिवाद २००९ मध्येही झाले होते. तेव्हा जेफरसनच्या जागी एड्रियन पीटरसन होता.